साडूभाऊंच्या चौकटी

जगातली सगळी भांडणं माणसं वाईट असल्यामुळे होत नाहीत, तर कोणी कोणाला विचारायचं हे आधी न ठरवल्यामुळे होतात, असं ठामपणे मानणारा एक माणूस नाशकात राहतो आणि दैवयोगाने तो माझा थोरला साडू आहे. दैवयोगाने अशासाठी म्हणायचं, की बायको आपण बघून करतो, सासू-सासरेही थोडेफार पारखून घेतो, पण साडू कसा निघेल याची चौकशी आजवर कुठल्याही नवरदेवाने केलेली नाही. मला त्यांचं पहिलं दर्शन झालं ते माझ्याच लग्नाच्या पंगतीत. माझ्या पानात भात तीनदा वाढून झाला होता आणि वरण एकदाही आलं नव्हतं. नवरदेवाने ओरडायचं नसतं, म्हणून मी मुकाट्याने कोरडा भात चिवडत होतो. एवढ्यात शेजारच्या पानावरचे एक उंच, किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "भाताला दोन मालक आहेत आणि वरणाला एकही नाही. तुमचे मामा म्हणतात भात वाढा, आमचे सासरे म्हणतात भात वाढा. वरण कोणाच्या खात्यात येतं ते कोणालाच ठाऊक नाही." मग त्यांनी डाव्या हाताने खिशातून पेन काढलं, लग्नपत्रिकेच्या पाठीवर पाच-सहा चौकटी काढल्या, त्या रेघांनी जोडल्या आणि ती पत्रिका एका वाढप्याबरोबर आचाऱ्याकडे धाडून दिली. वरण आलं. गार आलं, पण आलं. तेव्हापासून मी त्यांना मानतो आणि शक्य तेव्हा टाळतोही.

साडूभाऊंनी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. खातं नियोजनाचं. त्या चौतीस वर्षांत कंपनीने आपली रचना पाच वेळा बदलली. दर सहा-सात वर्षांनी कोणीतरी सल्लागार यायचे, भिंतीवर दिव्याने चित्रं दाखवायचे, आणि आधीच्या सल्लागारांनी जे बांधलं होतं ते किती मागासलेलं होतं हे सांगून जायचे. साडूभाऊ खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसून होते. त्यांचे साहेब मात्र कधी वरच्या मजल्यावर असत, कधी शेजारच्या खुर्चीवर, कधी मुंबईला. एका वर्षी तर त्यांना एकाच वेळी दोन साहेब होते. एकाने रजा मंजूर केली आणि दुसऱ्याने त्याच दिवसाचं काम मागितलं. एखादा माणूस अशाने वैतागला असता. साडूभाऊंना मात्र याची गोडी लागली. त्यांनी पाचही वेळचे तक्ते जपून ठेवले आणि त्या पद्धतींना घरगुती नावं दिली. माणसं एकाखाली एक रचली की ती 'उतरंड', ती दोनदा येऊन गेली. कोणी वर नाही, कोणी खाली नाही, सगळे एका ओळीत, की ती 'पंगत'. एकेका भागाचं सगळं काम एकेका टोळीला तोडून दिलं की 'गल्ली'. आणि एका माणसावर दोन साहेब बसवले की 'दोन सासवांची सून'. "उतरंडीत गोंधळ नसतो, पण खालचं गाडगं हललं की वरचं फुटतं," ते समजावत. "पंगतीत मान सगळ्यांना, पण वाढायला कोणी उठत नाही. गल्लीत उत्साह फार, पण शेजारच्या गल्लीला कोणी मीठ देत नाही. आणि दोन सासवांच्या सुनेला सगळं येतं, फक्त झोप येत नाही." यातली चांगली कुठली, असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "साडूभाऊ, चप्पल कुठली चांगली? आधी पाय दाखवा."

त्यांच्या घरात जुन्या कॅलेंडरचं एकही पान रद्दीत जात नाही. पाठच्या कोऱ्या बाजूवर डावीकडे 'फायदे', उजवीकडे 'तोटे' आणि मधोमध चौकटी. फ्रिजवर एक तक्ता कायमचा चिकटवलेला असे. त्यात 'दूध तापवणे' याच्या पुढे त्यांच्या बायकोचं, म्हणजे ताईंचं नाव होतं आणि 'दूध उतू जाणे' याच्या पुढे लिहिलं होतं, 'सर्वजण'. त्यांचे वडील गेले तेव्हा साडूभाऊ दहाव्याच्या विधींसाठी रामकुंडावर बसले होते. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि आपल्या जाडजूड वहीतून साडूभाऊंच्या पणजोबांचं नाव काढून दाखवलं. झालं. साडूभाऊंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. "म्हणजे तुम्ही गावं वाटून घेतलीत? ही तर शुद्ध गल्ली पद्धत! आणि समजा एखादं घर दुसऱ्या गावाला राहायला गेलं, तर ते कोणाकडे?" गुरुजी म्हणाले, "यजमान, आधी दर्भ नीट धरा." पण विधी आटोपल्यावर त्यांनाच राहवलं नाही. ते म्हणाले, "घर कुठेही जाऊ द्या, मूळ गाव बदलत नाही. आम्ही मूळ गाव धरतो." साडूभाऊ ओलेत्यानेच त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसले आणि घरी येताना मला म्हणाले, "बघा, माणूस हलला तरी त्याचं खातं हलत नाही. हे आमच्या एकाही सल्लागाराला सुचलं नाही." त्यांच्या मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हाही त्यांनी ना शेतीवाडी विचारली, ना पत्रिका मागितली. मुलाला एवढंच विचारलं, "तुम्ही कामावर कोणाला विचारून काम करता?" मुलगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत होता. तो चाचरत म्हणाला, "तसे दोन मॅनेजर आहेत. दोघांनाही सांभाळावं लागतं." साडूभाऊंनी आतल्या दाराकडे वळून आवाज दिला, "अगं, पोहे आण. मुलगा ऐकायच्या सवयीचा आहे." लग्न झालं आणि ते उत्तम चाललंय, हे मान्य केलं पाहिजे.

आता ज्यांना उद्देशून ही हाक होती, त्या माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे आमच्या ताईंबद्दल सांगायला हवं. सातपूरच्या कॉलनीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड एवढ्या जागेत ताई डबे पुरवण्याचं केंद्र चालवतात. अकरा बायका कामाला. कारखान्यांतल्या पहिल्या शिफ्टला दुपारचा आणि दुसऱ्या शिफ्टला संध्याकाळचा डबा. शेगड्या एका बाजूला, डबे भरायच्या फळ्या दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या दारात एका लाकडी स्टुलावर ताई. तिथून दोन्हीकडचं दिसतं. बायका येता-जाता ताईंना विचारणार, ताई काहीतरी सांगणार, बायका पुढे जाणार. असं वीसेक वर्षं चाललं होतं. पण गेली तीन वर्षं ताईंचे दोन्ही गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, दोन्ही बदलावे लागतील, दीड महिना तरी केंद्राचं तोंड बघायचं नाही. ताई दर वेळी एकच उत्तर द्यायच्या, "मी नसले तर ह्या बायांनी विचारायचं कोणाला?" श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची, हा ताईंचा लग्नाच्या आधीपासूनचा नेम. ती तीन वर्षं चुकली होती. मैत्रिणींना त्र्यंबकच्या बसमध्ये बसवून द्यायला त्या स्टँडपर्यंत जायच्या आणि रिकाम्या रिक्षाने परत यायच्या. त्या दिवशी घरी कोणी मोठ्याने बोलत नसे.

साडूभाऊ निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात चष्मा आणि काखेत कॅलेंडर घेऊन केंद्रात हजर झाले. पहिल्यांदा त्यांनी उतरंड लावली. सगळ्यात वर ताई, त्यांच्या खाली भाजीप्रमुख शबानाभाभी आणि पोळीप्रमुख सुमनबाई, आणि त्या दोघींच्या खाली बाकीच्या. शबानाभाभी जुन्या नाशकातल्या. मसाल्याला त्यांचा हात लागला की गल्लीतली मांजरंसुद्धा दाराशी येऊन बसतात. सुमनबाई दिंडोरीकडच्या, पोळ्या लाटण्यात आणि तोंड चालवण्यात, दोन्हीकडे सारख्याच वेगवान. आठवडाभर झकास चाललं. मग एका दुपारी ताई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि शेगडीचं सिलिंडर संपलं. भरलेलं सिलिंडर हातभर अंतरावर उभं होतं. पण सिलिंडर बदलणं हे भांडार विभागाचं काम, आणि भांडार विभागाची चौकट साडूभाऊंनी ताईंच्या चौकटीला जोडली होती. बायकांनी सुमनबाईंना विचारलं, सुमनबाईंनी ताईंना फोन लावला, ताईंच्या तोंडात डॉक्टरांचा हात होता. पाऊण तास अकरा बायका त्या भरलेल्या सिलिंडरकडे बघत बसल्या. "आता हात लावला तर साहेब म्हणतील तक्ता मोडला," सुमनबाई मला नंतर म्हणाल्या. "लय कडक तक्ता हाय तुमच्या साडूचा." डबे उशिरा गेले. साडूभाऊंनी 'तोटे' या रकान्यात नोंद केली आणि उतरंड उतरवली.

मग पंगत. आता कोणी प्रमुख नाही, सगळ्या सारख्या, रोज दुपारी गोल बसून उद्याची भाजी ठरवायची. पहिल्या दिवशी बायका अडीचला बसल्या. दुधी एकीच्या नवऱ्याला आवडत नव्हता. गवारीवरून एकीला तिची आई आठवली. वांग्याचा विषय निघाला तो सुमनबाईंच्या भाचीवर गेला, भाचीवरून स्थळांवर, आणि पाच वाजता उठताना भाजी ठरलेली नव्हती, पण सुमनबाईंच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा फळीवर डबे भरणाऱ्या बाईंचाच पुतण्या. साडूभाऊंनी प्रामाणिकपणे ते 'फायदे' या रकान्यात लिहिलं. दुसऱ्या दिवशी सातपूरभर पिठलं गेलं. त्यानंतर गल्ली पद्धत आली. तीन टोळ्या, प्रत्येकीने आपापल्या भागातल्या कामगारांचं सगळं जेवण स्वतः करायचं. उत्साहाला नुसतं उधाण. एका टोळीने डब्यात शिरा टाकला, म्हणून दुसरीने गुलाबजाम टाकला, म्हणून तिसरीने दोन टाकले. शनिवारपर्यंत कामगार कारखान्याच्या कुंपणावरून एकमेकांचे डबे बदलून घेऊ लागले आणि तीन टोळ्या एकमेकींना चिमूटभर हिंगसुद्धा देईनाशा झाल्या. ताईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिन्ही टोळ्यांच्या शेगड्यांपाशी फिरून समेट केला. शेवटी दोन सासवांची सून. पोळीच्या जाडीसाठी पोळीप्रमुख आणि पोळ्यांच्या संख्येसाठी मार्गप्रमुख, म्हणजे कुठल्या कारखान्याला किती डबे जायचे ते बघणारी. त्या दिवशी पोळ्या लाटायला बसलेली बाई साडूभाऊंसमोर लाटणं आदळून उभी राहिली. "एक म्हणते पातळ लाट, दुसरी म्हणते पटापट लाट. साहेब, दोन्ही एका लाटण्यानं कसं व्हायचं? तुम्हीच लाटून दाखवा." आणि शबानाभाभी आतून ओरडल्या, "अहो भाईसाब, खुदा के वास्ते आधी कांदा तर कापू द्या!"

हे सगळं ऐकून माझी बायको भडकली. "जा आणि भाऊजींना सांगा, ताईच्या चांगल्या चाललेल्या केंद्राचं वाटोळं करू नका म्हणावं. ती आधीच बेजार आहे." मला असल्या शिष्टाईचा मनापासून कंटाळा. मी पंचवटीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. रविवारची दुपार ही झोपेसाठी असते एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण बायकोपुढे ते चालत नाही. मी गेलो. साडूभाऊंनी मला कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं, दोन कटिंग सांगितले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात. तुम्हाला वाटतं, म्हातारा रिकामा बसला म्हणून खेळ मांडलाय." मला तसंच वाटत होतं. ते चहाकडे बघत म्हणाले, "साडूभाऊ, मी साध्या कामगाराची रजा रोज मंजूर होताना पाहिली. त्याने साहेबाला अर्ज द्यायचा, साहेब सही करतो, झालं. हिने अर्ज कोणाला द्यायचा? ही सगळ्यात वर. सगळ्यात वरच्या चौकटीला सुट्टी नसते. चार पद्धती करून बघितल्या. एक जरी लागू पडली असती ना, दुसऱ्या दिवशी हिला दवाखान्यात नेऊन टाकली असती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "रात्री कूस बदलताना ही कण्हते. मला ऐकू येऊ नये म्हणून तोंडात पदर धरते." मी शिष्टाई गुंडाळली आणि चहाचे पैसे दिले, जे मी सहसा करत नाही.

त्यानंतर साडूभाऊंनी एकही चौकट काढली नाही. ते आठ दिवस शेडमध्ये पिठाच्या पिंपामागे बसले आणि फक्त लिहीत राहिले: कोण कोणाला काय विचारतं. आठव्या दिवशी त्यांचा मला शाळेत फोन. आवाज इतका हळू की मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. "साडूभाऊ, सापडलं. दिवसाला शंभर वेळा तरी ह्या बायका हिला विचारतात. मीठ पुरेल का, मसाला वाढवू का, त्या नव्या माणसाला तिखट चालेल का. आणि ही काय उत्तर देते माहीत आहे? 'तुला काय वाटतं?' बस्स. बाई आपलं आपणच बोलते, आपलं आपणच ठरवते आणि निघून जाते. वीस वर्षं झाली, हिने क्वचितच कोणाला काही सांगितलंय!" मी म्हटलं, "मग ताईंची गरजच काय?" "तिथेच तर मी चुकलो," ते म्हणाले. "विचारायला कोणीतरी लागतं. उत्तर त्यांचं त्यांच्याजवळ असतं, पण ते बाहेर यायला समोर कोणीतरी बसलेलं लागतं. मी चारही तक्त्यांत बायकांना इकडून तिकडे हलवलं. खरी गोष्ट ते स्टूल होतं."

दिवाळीनंतर ताईंचं ऑपरेशन ठरलं. त्या जायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर, की स्टुलावर कोणीतरी बसेल. कोण बसणार यावर बायकांत कुजबूज झाली, कारण एक बसली तर बाकीच्या दहा रुसणार. तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "मी बसतो." ज्या माणसाने दुसऱ्याच्या लग्नात वरणाची व्यवस्था लावली, जो दुधाच्या पिशवीवरही दोन रकाने करतो, त्याने दीड महिना एका वाक्याखेरीज काही बोलायचं नाही! ताईंनी त्यांच्याकडून देवासमोर शब्द घेतला. मुलगी पुण्याहून ताईंजवळ राहायला आली, आणि साडूभाऊ रोज सकाळी दवाखान्यात डोकावून थेट स्टुलावर जाऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम बघायला गेलो. हात मांड्यांखाली दाबून धरलेले, ओठ घट्ट. एखादी बाई यायची, "साहेब, आज भेंडी चिकट आलीय, दही टाकू का थोडं?" साडूभाऊंच्या कपाळावरची शीर उडायची. भेंडीचे फायदे आणि तोटे घशापर्यंत आलेले मला स्पष्ट दिसायचे. मग ते ते गिळायचे आणि म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं?"

चौथ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि केंद्रात पीठ नव्हतं. गिरणीची मोटार जळाली होती, दळण तिथेच अडकलं होतं, आणि सहाला दुसऱ्या शिफ्टचे डबे निघायचे होते. सुमनबाई कपाळाला हात लावून स्टुलासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, पीठ नाय. पोळ्या व्हायच्या नाय. काय करू?" त्या एव्हाना त्यांना साहेब म्हणायच्या बंद झाल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं. साडूभाऊंचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. अकरा बायका थांबल्या. चुकलं तर सगळ्या कारखान्यांतून तक्रारी येणार, त्या ताईंच्या कानावर जाणार, आणि ताई पट्ट्या बांधलेल्या गुडघ्यांनी खाट सोडून उठणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हात खिशापाशी तसाच राहिला. "तुम्हाला काय वाटतं?" साडूभाऊ म्हणाले. सुमनबाई म्हणाल्या, "मला काय वाटायचंय? भात वाढवावा." शबानाभाभी पदर खोचत पुढे आल्या. "नुसता भात कशाला? खिचडी टाकू ना. मसाला माझा." दोघी साडूभाऊंकडे बघू लागल्या. ते पुन्हा म्हणाले, "तुम्हाला काय..." शबानाभाभींनी कमरेवर हात ठेवले. "भाईसाब, अब तो सिर्फ हां बोलो!" "हां," साडूभाऊ म्हणाले, आणि शेडमध्ये जो हशा उसळला त्यात सात मोठी पातेली शेगड्यांवर चढली. सहाला तळलेली मिरची आणि पापड लावून खिचडीचे डबे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी तक्रार आली ती एवढीच, की खिचडी रोज का नसते. डबे निघाले तेव्हा साडूभाऊंचा सदरा पाठीला चिकटला होता. ते मला म्हणाले, "चौतीस वर्षांत एवढं काम केलं नव्हतं." मी विचारलं, "ह्या पद्धतीचं नाव काय?" म्हणाले, "नाव नाही ठेवलं. फायदे पुष्कळ आहेत. तोटा एकच, बसणाऱ्याला बोलायला मिळत नाही."

तोटा एकच नव्हता, हे ताई परत आल्या त्या दिवशी कळलं. दोन महिन्यांनी, वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत त्या केंद्राच्या दारात आल्या. बायकांनी ओवाळलं, रडारड झाली, शबानाभाभींनी शीरखुर्मा करून आणला होता तो सगळ्यांनी खाल्ला. मग ताई आपल्या स्टुलावर बसल्या आणि बायका कामाला लागल्या. अर्धा तास गेला. मीठ टाकलं गेलं, मसाला वाढवला गेला, डबे भरले गेले, आणि कोणी काही विचारायला आलंच नाही. त्या खिचडीपासून बायका आपसांतच ठरवू लागल्या होत्या, विचारायची सवय मोडली होती. एक बाई फक्त चहा देऊन गेली. ताई हसत होत्या, पण त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "आता मला कोणी काही विचारायची गरजच उरली नाही." साडूभाऊ माझ्या शेजारी उभे होते. ते पुटपुटले, "हा तोटा मी लिहिला नव्हता." संध्याकाळी त्यांनी फ्रिजवरचा दुधाचा तक्ता काढून टाकला.

यंदाच्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी आम्ही चौघं पहाटेच्या बसने त्र्यंबकला गेलो. डॉक्टरांनी थोडं चालायची मुभा दिली होती, तीही सपाट रस्त्यावर, काठी आणि चपला असतील तर. केंद्रातल्या निम्म्या बायका फेरीला आल्या होत्या आणि निम्म्या डब्यांसाठी मागे थांबल्या होत्या. कोणी यायचं आणि कोणी राहायचं हे त्यांनी आपसांत ठरवलं होतं. साडूभाऊंनी फक्त आपल्या दोघांपुरती योजना केली होती. कुशावर्ताचं पाणी डोळ्यांना लावायचं, गाव संपून फेरीची वाट सुरू होते तिथपर्यंत चालायचं आणि तिथे उभ्या केलेल्या रिक्षाने परत यायचं. मी चालण्याच्या बाबतीत ताईंच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत असल्यामुळे पिशव्या घेऊन आधीच रिक्षात जाऊन बसलो. बम बम भोलेचा गजर करत माणसांचा लोंढा समोरून चालला होता. माझी बायको आणि बाकीच्या बायका केव्हाच पुढे गेल्या. मग त्या गर्दीतून ताई काठी टेकत येताना दिसल्या आणि त्यांच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, साडूभाऊ.

दोघं रिक्षापाशी थांबले. ताईंना घाम आला होता. साडूभाऊंनी खिशातून कॅलेंडरचा चतकोर काढला. त्यावर शेवटच्या चौकटीत 'इथून परत' असं लिहिलेलं मला स्पष्ट दिसलं. रिक्षावाल्याने सुरू करायला हात घातला. ताईंनी वाटेकडे बघितलं, मग रिक्षाकडे बघितलं, आणि पदराने तोंड पुसत शहाण्या बाईसारखं पाऊल रिक्षाकडे वळवलं. साडूभाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "अगं," ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"

ताई थांबल्या. उभ्या जन्मात त्यांनी हे बायकांना हजारो वेळा विचारलं होतं. त्यांना कोणी विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांनी ठरवलं तिथे त्यांचं लग्न झालं, संसाराने ठरवलं तेव्हा केंद्र निघालं, डॉक्टरांनी ठरवलं तेवढं चालायचं. त्या साडूभाऊंकडे बघून आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले, आणि मला उगाचच पिशवीत काहीतरी शोधावंसं वाटलं. "ते समोरचं उंबराचं झाड दिसतंय ना," ताई म्हणाल्या, "तिथपर्यंत जावंसं वाटतंय."

"चल मग," साडूभाऊ म्हणाले. रिक्षावाल्याने मला विचारलं, साहेब, थांबू का जाऊ? मी म्हटलं, थांब. दोघं सावकाश त्या गर्दीत मिसळली. उंबराशी पोचल्यावर साडूभाऊंनी पुन्हा तेच विचारलं का, हे मला इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्या झाडाकडे मी बराच वेळ बघत राहिलो, आणि तिथे दोघांपैकी कोणी थांबलेलं मला दिसलं नाही.